वीस झोके

माझ्या आईचा आंब्यांवर विश्वास होता, माणसांवर फारसा नव्हता. माळ्यावरच्या खोलीत पेंढ्यात आढी लावताना ती प्रत्येक आंब्याचा देठ एकाच दिशेला, विहिरीच्या बाजूला, करून ठेवायची. रोज आंघोळ झाली की वर जाऊन बघायची. एखादा देठ जरा इकडेतिकडे वळलेला दिसला तरी खाली येऊन ती कुणाला काही विचारत नसे. ज्याचा संशय असेल त्याच्या वाटीत त्या दिवशी आमरसाची पळी अर्धीच रिकामी व्हायची, आणि ज्याचं त्याला कळायचं. बाबा मुंबईला नोकरीला होते. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात आठ दिवस येत. एरवी घरात आई, मी आणि काका, एवढीच माणसं. संशय घ्यायला आईला माणसं कमी पडायची, म्हणून मी आणि काका आळीपाळीने ती गरज भागवायचो.

हा गुण मी आईच्या दुधाबरोबरच घेतला असावा. आता चाळिशी उलटली, तरी फ्रीज उघडला की दुधाची पातळी माझ्या नजरेत आधी भरते. तेव्हा तर मी तेरा वर्षांची होते आणि डोळ्यांत तेल घालून जगत होते. दप्तर बंद करताना चेनीत एक दोरा अडकवून ठेवायचा, म्हणजे कुणी उघडलं तर कळतं, ही युक्ती मी स्वतः शोधून काढली होती आणि तिचा मला अभिमान होता.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. लग्न केलं नव्हतं. मिरजोळ्याच्या एका कारखान्यात फिटर होता आणि संध्याकाळी घरी येऊन बाजारातल्या दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करायचा. मागची पडवी म्हणजे त्याचं राज्य. तिथे पितळी पारडी, दांड्या, साखळ्या टांगलेल्या असायच्या आणि चिंचेने घासलेल्या पितळेचा आंबूस वास यायचा. सरकारी माणूस वजनं तपासायला यायच्या आधीच्या आठवड्यात तर पालीच्या बाजारातूनही लोक काटे घेऊन एसटीने यायचे. काटा हातात आला की काका आधी पारडं उलटं करून त्याच्या बुडावरून बोट फिरवायचा. मालाच्या पारड्याखाली शिशाची चकती चिकटवून ठेवली की गिऱ्हाइकाला प्रत्येक मापाला थोडं कमी जातं, ही लबाडी जुनीच आहे. अशी चकती सापडली तर काका ती काढून मालकासमोर फळीवर ठेवायचा. बोलायचा काहीच नाही. मालकही मूग गिळून बसायचा. पण बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं की ह्याच्या हातून गेलेला काटा म्हणजे काटा.

टेनिस आमच्या घरात आलं तेही काकामुळेच. गावात एका क्लबचं लाल मातीचं कोर्ट होतं. सकाळी तिथे डॉक्टर, वकील, बँकेचे मॅनेजर खेळायचे. जाळं ताणायचं चक्र मोडलं ते काकाने नीट करून दिलं, मग रॅकेटींच्या तारा विणायचं कामही त्याच्याकडे आलं, आणि त्या ओळखीवर मला सकाळी तासभर खेळायला मिळू लागलं. कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाली होती. बाबांनी त्यांच्या साहेबांच्या मुलीची जुनी काळी रॅकेट गाडीतून मांडीवर धरून आणली होती. ती इतकी हलकी होती की आईने हातात घेऊन, ‘आत पोकळ आहे, फसवलंन् तुम्हाला,’ असा निकाल देऊन टाकला.

क्लबात माझ्या वयाची मुलगी एकच, तन्वी, डॉक्टरांची. तिच्या मामाने परदेशातून आणलेली निळी रॅकेट तिच्याकडे होती. ती चेंडू मारायची तेव्हा धप्प असा भरलेला आवाज यायचा. माझा आवाज टिंग असा, जर्मनच्या वाटीवर चमचा आपटावा तसा. कोल्हापूरच्या शालेय स्पर्धेला आमच्या जिल्ह्यातून एकच मुलगी जाणार होती आणि ती कोण, हे आम्हा दोघींच्या एका सामन्यावर ठरणार होतं. मला जायचंच होतं. इतकं की रात्री जेवताना कुळथाच्या पिठल्यातही मला पन्हाळा दिसायचा, जो मी कधी पाहिलाच नव्हता.

सामन्याच्या आधी दीड महिना काकाने पडवीत एक नवीन यंत्र उभं केलं. जाड फळीत सायकलच्या चाकाचं जुनं बेअरिंग बसवलेलं आणि दोन्ही बाजूंना दोन स्प्रिंगा. बेअरिंगवर रॅकेटची मूठ आवळायची, तिचं डोकं एका बाजूला ओढून सोडायचं, की ती आडवी झुलू लागायची, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. काका स्टॉपवॉच धरून वीस झोके मोजायचा आणि किती सेकंद लागले ते बघायचा.

‘हे कशाला?’ मी विचारलं.

‘कोयतीचं वजन पात्यात असलं तर फांदी एका घावात उतरते,’ तो म्हणाला, ‘मुठीत असलं तर नुसतं मनगट दुखतं. काट्यावर दोन्ही कोयत्या सारख्याच भरतील. काट्यावरचं वजन निराळं, फिरवताना लागणारं निराळं. ते ह्याच्यावर कळतं. झोके जितके सावकाश, तितकी ती फिरवायला जड.’

आई दारातून बघत होती. ‘लग्न काही केलं नाहीत भावजी,’ ती म्हणाली, ‘पण पाळणा तेवढा बांधलात.’ तेव्हापासून त्या फळीचं नाव पाळणाच पडलं.

पहिल्यांदा मनात पाल चुकचुकली ती दुपारच्या आवाजाने. शनिवारी काकाची अर्धी पाळी असे. जेवून आई आडवी झाली की विहिरीकडून टक टक असा बारीक आवाज यायचा. मी मागच्या दाराने गेले की आवाज थांबायचा. काका धुण्याच्या दगडापाशी उकिडवा बसलेला असायचा, हातोडी बाजूला आणि मूठ मिटलेली.

‘काय करतोस?’

‘काही नाही गो. खिळा सरळ करतोय.’

त्याच्या हातांना मासळीचा वास यायचा. हे आईच्याही लक्षात आलं होतं, आणि आमच्या शाकाहारी घरात ही बाब आंब्याच्या देठाहून गंभीर होती. ‘मिरकरवाड्याच्या बंदरावर मित्र आहे ना त्यांचा,’ ती मला आमटी वाढताना खालच्या आवाजात म्हणाली, ‘तिथे जाऊन खातायत. हात साबणाने धुतले तरी मला कळत नाही होय?’ मी मान डोलावली. एका माणसाविषयी दोन संशय असले की ते एकमेकांना धरून उभे राहतात.

मग माझा हात दुखू लागला, कोपराच्या खाली बारीकसा. रॅकेट आधी पिसासारखी फिरायची, ती आता चेंडूपर्यंत पोचायला उशीर करत होती. दर आठवड्याला ती थोडी जड होते आहे असं वाटायचं, आणि काकाला सांगितलं तर म्हणायचा, ‘तू वाढत्येस, हात अवघडतोच.’ मी रॅकेटच्या कव्हराच्या चेनीत दोरा अडकवून ठेवला. शुक्रवारी ठेवलेला दोरा रविवारी सकाळी फरशीवर पडलेला होता.

त्या काळात माझे फटके खोल जायला लागले होते, हे मला इथे कबूल केलं पाहिजे. तन्वी मागे मागे सरकत खेळू लागली होती. आवाजही बदलला होता, टिंगचा धप्प होत चालला होता. पण ते सगळं मी माझ्या खात्यात जमा केलं. चेंडू खोल गेला तर तो माझा गुण, आणि हात दुखला तर काकाचं कारस्थान. संशयी माणसाची वाटणी अशीच असते.

मग एका संध्याकाळी मी पडवीत शिरले तर पाळण्यावर तन्वीची निळी रॅकेट झुलत होती. काकाने मला बघून ती पटकन हाताने थांबवली आणि फळीवर पेन्सिलीने लिहिलेलं काहीतरी अंगठ्याने झाकलं.

‘तन्वीची रॅकेट इथे कशी?’

‘मूठ गुंडाळायला दिलीन् डॉक्टरांच्या मुलीने.’

‘मग झुलवतोस कशाला?’

‘बघत होतो,’ तो म्हणाला आणि दिवा मालवून जेवायला उठला.

आईला मी सगळं सांगितलं. दोरा, हातोडी, निळी रॅकेट. नारळ खवता खवता तिचा हात थांबला. ‘डॉक्टरांची ऊठबस मोठ्या लोकांत,’ ती म्हणाली. ‘क्लबचं काम भावजींना कायमचं हवं असेल. पुतणी काय, घरचीच. ती हरली तरी जेवायला इथेच येणार.’ आणि ती पुन्हा खवायला लागली. तिला काही फार वाईट वाटलेलं दिसलं नाही. आपलं म्हणणं खरं ठरलं की ती अशी शांत व्हायची.

सामना रविवारी सकाळी होता. शनिवारी काका कारखान्यात असताना मी रॅकेट घेऊन माळ्यावर गेले आणि आढीच्या शेजारी खिडकीपाशी बसले. रॅकेटच्या डोक्याला दोन्ही बाजूंनी काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. जमिनीवर घासून रंग जाऊ नये म्हणून, असं काकाने सांगितलं होतं. मी नखाने तिचं टोक उचकटलं. खाली करड्या रंगाच्या, हाताने ठोकून सपाट केलेल्या शिशाच्या पट्ट्या होत्या. एकावर एक, दोन्ही बाजूंना मिळून आठ. सगळ्या हातात घेतल्या तर सालासकट दोन काजूबियांएवढं वजन भरलं असतं. वासही आला, मासळीचा. माझं डोकं गरम झालं, आणि खरं सांगायचं तर आतून आनंदही झाला. मी पकडलं होतं. सगळं शिसं काढून मी फ्रॉकच्या खिशात ठेवलं आणि चिकटपट्टी होती तशी पुन्हा गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या गेमपासून हरत होते. रॅकेट हातात नसल्यासारखी फिरत होती. चेंडू येण्याआधीच माझा फटका होऊन गेलेला असायचा, आणि लागलाच तर चेंडू जाळ्यात किंवा कुंपणाबाहेर करवंदीच्या झुडपांत. तन्वीच्या जोराच्या चेंडूला रॅकेट मनगटात वळायची. काका जाळ्याच्या खांबापाशी उभा होता. तिसऱ्या गेमनंतर त्याने डोळे बारीक करून माझ्या रॅकेटकडे पाहिलं आणि दोन पावलं पुढे आला. मी मुद्दाम पाठ फिरवली. दुसऱ्या सेटमध्ये मला एकच गेम मिळाला.

बाजूला छपराखाली टेबलाभोवती मोठी माणसं चहा पीत बसली होती. डॉक्टर होते, क्लबचे सेक्रेटरी असलेले वकील होते, आणि बाजारातले एक किराणावाले शेठ, ज्यांचे तीनही काटे काका दुरुस्त करायचा. मी सरळ तिथे गेले आणि खिशातलं शिसं बशीत ओतलं.

‘काकाने हे माझ्या रॅकेटमध्ये लपवलं होतं,’ मी म्हणाले. आवाज रडका येत होता, पण मी थांबले नाही. ‘महिनाभर मला जड रॅकेटने खेळवलंन्. माझा हात बिघडवलान्. तन्वीची रॅकेट घरी आणून काय काय करत होता, विचारा त्याला.’

डॉक्टरांनी आधी शिशाकडे पाहिलं, मग काकाकडे. ‘आमच्या रॅकेटलाही काही केलंत की काय?’ त्यांनी विचारलं. तन्वी आपली रॅकेट उलटीसुलटी करून बघू लागली. शेठनी एक पट्टी उचलली आणि तळहातावर तोलली. मग काकाकडे नव्या नजरेने बघत राहिले. ती नजर मी आजही ओळखते, कारण ती आमच्या आईची होती.

काका सावकाश आला. ‘शिसं माझंच,’ तो म्हणाला. एवढंच. मग बशीतल्या पट्ट्या गोळा केल्या, रुमालात बांधल्या आणि सायकल काढून गेला.

सोमवारी संध्याकाळी त्याने मला पडवीत हाक मारली. पाळण्यावर माझी रॅकेट लावलेली होती. रागावलेला दिसत नव्हता. स्टॉपवॉच माझ्या हातात ठेवून म्हणाला, ‘मोज.’

मी मोजले. वीस झोक्यांना साडेवीस सेकंद.

त्याने रुमाल सोडला आणि पट्ट्या एकेक करून जागच्या जागी चिकटवल्या, चार इकडे, चार तिकडे. ‘मोज.’

साडेबावीस.

मग त्या संध्याकाळी अंगठ्याने झाकलेली फळीवरची जागा त्याने मला दाखवली. तिथे पेन्सिलीने लिहिलं होतं: तन्वी, साडेबावीस. खाली माझं नाव, आणि त्याखाली आकडे उतरंडीसारखे. साडेवीस, एकवीस, साडेएकवीस, बावीस, साडेबावीस. आठवड्याला एकेक पायरी. शेवटच्या आकड्यापुढे त्याने बरोबरची खूण केली होती.

‘तसली रॅकेट आपल्याला आणता येत नाही,’ काका म्हणाला. ‘म्हटलं, निदान तशी फिरेल इतकी करू. मिरकरवाड्यातल्या मित्राने मासे धरायचा फाटका पाग दिलान्, त्याच्या कडेच्या शिशाच्या गोळ्या ठोकून काढल्या. एकदम घातलं असतं तर हात गेला असता तुझा, म्हणून थोडं थोडं.’

‘सांगितलं का नाहीस?’

‘सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी जड जड म्हणून फेकली असतीस.’ त्याने रॅकेट पाळण्यावरून सोडवली. ‘आणि तुझ्यासाठी तिची रॅकेट मोजून बघितली, हे डॉक्टरांना काय सांगणार?’

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. मी रडले, काकाने पाठीवर थोपटलं, आणि ते तिथे संपलं असतं तर हे प्रकरण मी लिहिलंच नसतं. दुसऱ्या दिवशी क्लबात जाऊन सगळ्यांसमोर सांगायचं मी ठरवलं होतं. आईला तसं म्हणाले. ती म्हणाली, ‘आता बोलायला जाऊ नको. लोक म्हणतील, घरी आल्यावर पढवलंन्.’ तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण मी गेले नाही ते तिच्या म्हणण्यामुळे नव्हे. मला चारचौघांत खोटी पडायचं नव्हतं, आणि आईने मला पळवाट दिली. मी ती आनंदाने घेतली. ह्याची लाज मला अजून वाटते.

तन्वी कोल्हापूरला जाऊन आली. शिशाची गोष्ट मात्र क्लबातून बाजारात गेली, आणि बाजारात तिला टेनिसशी काही देणंघेणं राहिलं नाही. वजनाच्या माणसाने शिसं लपवलं, एवढीच उरली. शेठचे काटे त्या वर्षी दुसरीकडे गेले. मग दुसऱ्यांचे. पालीहून येणारे लोक दिवाळीनंतर आलेच नाहीत. पडवीतल्या साखळ्यांना हिरवा गंज चढला. काकाने कुणालाही खुलासा केला नाही, कारण खुलासा करायचा तर पुतणी खोटं बोलली असं म्हणावं लागलं असतं. तो कारखान्यातून आला की झोपाळ्यावर बसून पेपर वाचायचा. आई त्याला आमरस पूर्ण पळीभर वाढू लागली. आम्ही दोघींनी केलेली भरपाई ती एवढीच. तो मासे खात नव्हता, असं मात्र मी म्हणत नाही. पुढे त्यानेच हसत कबूल केलं.

एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. त्या सोमवारपासून काकाने मला कुठलाही आकडा तोंडी सांगितला नाही. मला ताप आला की थर्मामीटर काढून माझ्यापुढे धरायचा, ‘तूच बघ.’ दहावीचा निकाल शाळेतून त्यानेच आणला आणि घडी न उघडता हातात दिला. एसटी किती वाजता आहे विचारलं तर स्टँडवर घेऊन जायचा आणि फळ्याकडे बोट करायचा. टोमणा नव्हता तो. त्याच्या मते मला जे लागत होतं, ते तो देत होता.

गेल्या मे महिन्यात मी लेकीला, ऋताला, घेऊन रत्नागिरीला गेले होते. ती बारा वर्षांची आहे, पुण्याला टेनिस शिकते, आणि नवी रॅकेट हातात हलकी वाटते म्हणून कुरकुरत होती. काका आता सत्तरीच्या पुढे आहे, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. ऐकल्या ऐकल्या उठला. पाळणा अजून तिथेच होता, नुसतं बेअरिंगला तेल द्यावं लागलं. त्याने रॅकेट आवळली, डोकं ओढून धरलं आणि स्टॉपवॉच माझ्यापुढे केलं.

‘घे. तूच मोज.’

मी ते त्याच्या हातात परत ठेवलं. ‘तू मोज, काका. मी लिहिते.’

तो माझ्याकडे बघत राहिला. मग स्टॉपवॉच डोळ्यांजवळ नेलं आणि रॅकेट सोडली. मोठ्याने मोजू लागला. बेअरिंग जरा कुरकुरत होतं. अकरा, बारा, तेरा, चौदा, सोळा. ऋताने चमकून माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. मी माझ्या पायाने तिचा पाय दाबला.

‘वीस,’ काका म्हणाला आणि खटका दाबला. ‘एकवीस सेकंद. बरोबर एकवीस.’

मी पेन्सिल घेतली आणि फळीवर, माझ्या जुन्या आकड्यांच्या खाली, तो म्हणाला तेच लिहिलं.